क्लितरुपला न पोचलेली फाइल

खोका ८८

मजकूर: फायली ११३१ ते ११५२. एकूण बावीस.
भरला: ओसे लिंडेगॉर
बंद केला: ओसे लिंडेगॉर, २९ मे, कोपनहेगन
उघडला: १४ ऑक्टोबर, क्लितरुप
प्लास्टिकची पट्टी: शाबूत. पट्टीचा क्रमांक: जुळतो.
मिळालेल्या फायली: एकवीस.

काय नाही

नाही ती ११४७.

आमच्या देशात जमिनीखाली कुणी काय पुरून ठेवलंय याची नोंद एक सरकारी कार्यालय ठेवतं. मे महिन्यापर्यंत ते राजधानीत होतं. मग सरकारने ठरवलं की कार्यालयं सगळ्या देशाची आहेत, ती सगळ्या देशात असावीत. हे कार्यालय पश्चिम किनाऱ्यावर, क्लितरुपला गेलं. नऊशे खोके गेले. बासष्ट माणसांपैकी चार गेली. बाकीच्यांनी नोकरी सोडली.

११४७ मध्ये एक हाताने काढलेला नकाशा होता. क्लितरुपच्या जुन्या चामड्याच्या कारखान्याने १९६८ साली विषारी पिंपं कुठे पुरली, त्याचा. त्या मोकळ्या जागेवर आता साठ घरं बांधायची होती आणि खोदाई सोमवारी सुरू होणार होती.

मंत्रालयाने मला बुधवारी पाठवलं. माझं नाव रान्हिल टॉफ्ट. सरकारी कचेऱ्यांत हरवलेल्या गोष्टी शोधणं हे माझं काम. बहुतेक वेळा त्या हरवलेल्या नसतात.

कार्यालयप्रमुख येप्पे राउनने पोलिसांना पाठवायचं पत्र तयार ठेवलं होतं. त्यात एकच नाव होतं, ओसे लिंडेगॉर. दप्तर सांभाळणारी, वय एकसष्ट, नोकरी एकतीस वर्षं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फाइल मिळाली नाही तर पत्र जाणार आणि ओसेची नोकरीही.

त्याचा हिशेब सरळ होता. पट्टी शाबूत आहे, म्हणजे वाटेत कुणी खोका उघडला नाही. म्हणजे फाइल बंद करण्याआधीच काढली. बंद केला ओसेने.

त्यात मला चूक सापडेना.

येप्पे

"बस, रान्हिल. कॉफी घे. इथली कॉफी ही एक गोष्ट बरी आहे."

पन्नाशीचा, नीटनेटका माणूस. टेबल त्याने उभ्याने काम करण्याइतकं वर घेतलं होतं. आठवड्याला चार दिवस तो इथे गेस्टहाऊसमध्ये राहायचा. गुरुवारी दुपारच्या गाडीने कोपनहेगनला घरी.

"तू इथे घर नाही घेतलंस?"

"बायकोची नोकरी तिकडे. मुलीची शाळा." त्याने खांदे उडवले. "सगळ्यांना सांगताना मीच सांगितलं होतं, समुद्राची हवा छान असते. हवा छान आहेच."

"ओसेने असं का करावं?"

"रागाने. तिला हे स्थलांतर फसलेलं बघायचंय. इथे आल्याबरोबर पहिली फाइल गायब, आणि तीही याच गावाची! वर्तमानपत्रांना आणखी काय हवं?"

"पण ती स्वतः इथे राहायला आली."

"म्हणून तर कुणाला संशय येत नाही."

मी एकोणतीस मेबद्दल विचारलं. तो निरोपाचा दिवस होता. कॅन्टीनमध्ये साठ-सत्तर माणसं, केक, भाषण, आणि अर्थातच समारंभासाठी खास रचलेलं, सगळ्यांनी मिळून म्हणायचं गाणं. कार्यालयातल्याच व्हिबेके मुंकने लिहिलेलं, छापून प्रत्येक खुर्चीवर ठेवलेलं. आठ कडवी.

"सगळे होते?"

"गाणं कोण चुकवतं? दप्तराच्या खोलीत त्या वीस मिनिटांत कुणी नव्हतं. ओसे आधी खोके भरत होती, आणि नंतर जाऊन तिने पट्ट्या लावल्या."

"तूही गायलास?"

"मी दाराजवळ होतो, मागे. गळा नाही मला, पण गायलो. आमच्या प्रेबेनवर रचलेलं पाचवं कडवं ऐकायला हवं होतंस." तो हसला. "'तेराव्याच्या हाती कॉफीचा कप!' हसून हसून छप्पर उडालं. लोक डोळे पुसत होते."

बोलताना त्याने पायाने आपली चामड्याची बॅग टेबलाखाली जरा आत सारली. मला वाटलं, माझे पाय अडू नयेत म्हणून.

सिग्ने (फक्त उत्तरं)

सिग्ने हॉल्क. अठ्ठावीस.

इथलीच. नव्याने घेतलेल्यांतली. राजधानीतून कुणी येईना, तेव्हा आम्हाला घेतलं.

हो, खोका मीच उघडला. पाच महिने नऊशे खोके व्हरांड्यात पडलेत. लागेल तसे उघडतो.

कारण बेकरीत म्हातारा वेरनर भेटला. म्हणाला, तिथे घरं बांधताय? मी स्वतः तिथे पिंपं पुरलीत. मी यादी पाहिली, ११४७ होती. खोका पाहिला, नव्हती. मग येप्पेला न विचारता मंत्रालयाला लिहिलं.

कारण फाइल नाही म्हटल्यावर येप्पे म्हणाला, थेट पोलिसांकडे जाऊ, मंत्रालयाला कशाला त्रास.

मला ठाऊक होतं तू हे विचारशील. हो. तो कारखाना माझ्या आजोबांचा होता. गावात सगळ्यांना माहीत आहे. फाइल गायब करायची असती तर मी खोका कशाला उघडला असता? तो न उघडताच पडून राहिला असता की.

हो, एकोणतीस मेला मी कोपनहेगनला होते. एक आठवडा. बासष्ट माणसांची तीस वर्षांची माहिती एका आठवड्यात शिकायची होती.

कॅन्टीनमध्येच होते. दुसऱ्या रांगेत. मी कुणालाच ओळखत नव्हते, आणि ज्यांची नोकरी मला मिळाली ती माणसं मला केक वाढत होती. मला टेबलाखाली जावंसं वाटत होतं.

गायले ना. एका ठिकाणी नुसतं गुणगुणायचं होतं, तिथे मी भलताच सूर लावला. शेजारची बाई म्हणाली, काही हरकत नाही, तिकडे वारा फार असतो.

टोरकिल

नगरपालिकेचा टोरकिल हॉयमार्क मला गाडीतून ती जागा दाखवायला घेऊन गेला. गवत, खुंट्या, एक पिवळं खोदाईयंत्र. वाऱ्याने गाडीचं दार उघडेना.

"जोर लाव. कोपनहेगनची दारं हलकी असतील."

"हे कार्यालय इथे यावं म्हणून तू सात वर्षं खटपट केलीस म्हणे."

"नऊ. शाळेत दर वर्षी एक वर्ग कमी होतोय. बासष्ट नोकऱ्या म्हणजे बासष्ट घरं, शंभर पोरं. म्हणून ही जागा." त्याने खुंट्यांकडे हात केला. "आता तू विचारणार, फाइल मी चोरली का."

"चोरलीस का?"

"नाही. पण सुचलं असतं तर मोह झाला असता." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "आम्ही आधी विचारलं होतं. रीतसर, फेब्रुवारीत. तिथे खाली काही आहे का? चौथ्या दिवशी उत्तर. 'नोंद आढळत नाही.' मी बायकोला म्हटलं, बघ, हे लोक अजून इथे आलेसुद्धा नाहीत आणि सुधारले. एरवी चार महिने लागायचे."

"सही कुणाची होती?"

"साहेबांची. राउनची. मंत्र्याने भाषणातही म्हटलं, स्वच्छ जमीन."

परत येताना मी निरोपाच्या दिवसाबद्दल विचारलं. पाहुणा म्हणून तोही गेला होता.

"चांगला होता केक. गाणं मात्र अर्धवट. कागदावर आठ कडवी, गायली सात. मधेच अख्खं कॅन्टीन नुसतं हं-हं-हं करायला लागलं. मी मेव्हण्याच्या लग्नात सतरा कडवी गायलोय, आणि यांना आठ झेपेनात."

"का गुणगुणले?"

"आधी कुणीतरी उभं राहून काही सांगितलं, पण ती नावं मला नवी. मी पाहुणा. पाहुण्याने विचारायचं नसतं."

ओसे

दप्तराच्या खोलीत ती जेवत होती. राय धान्याचा काळा पाव, लिव्हरची चटणी, काकडीची फोड. दुसरी खुर्ची नव्हती. मी एका खोक्यावर बसले.

"तो नको," ती म्हणाली. "तो एकशे दोन आहे. खालून फाटलाय. एकशे दहावर बस."

मी एकशे दहावर बसले.

"बाकीच्या अठ्ठावन्न जणांनी सोडली. तू का नाही?"

"कागद इकडे आले. मी कागदांबरोबर आले." तिने पावाचा तुकडा मोडला. "कोपनहेगनमधला, वाल्बीतला फ्लॅट विकला. मैत्रिणी म्हणाल्या, ओसे, तुला वेड लागलंय. आता शुक्रवारी त्या म्हणतील, सांगितलं होतं."

"त्या दिवशी ११४७ तू हातात घेतली होतीस?"

"सकाळी दहाला. पानंही मोजली, अठ्ठ्याहत्तर. यादी येप्पेला दाखवली. त्याला प्रत्येक खोक्याची यादी दाखवायची असते, तो वाचत नाही, सही करतो. त्या दिवशी मात्र वाचली."

"मग?"

"मग व्हिबेके मला ओढतच कॅन्टीनमध्ये घेऊन गेली. खोका उघडा राहिला."

"आणि परत येऊन?"

तिने डबा बंद केला.

"पुन्हा मोजल्या नाहीत. एकतीस वर्षांत मोजल्याशिवाय मी काहीही बंद केलं नाही, रान्हिल. त्या दिवशी केलं. मला रडू येत होतं. गाण्यात ते सगळे गुणगुणले ना, तेव्हापासून. खोलीत आले, पट्टी ओढली, सही केली. येप्पे म्हणतो ते बरोबर आहे. सही माझी आहे."

"गुणगुणले का, तुला माहीत आहे?"

"व्हिबेकेने उभं राहून सांगितलं, या कडव्याला शब्द नको. कारण मला नीट ऐकू आलं नाही, मी नाक पुसत होते. तिलाच विचार."

गाण्याच्या कागदावरून

ओसेने तो कागद ठेवला होता. क्रमांक घालून.

*प्रेबेनच्या बागेत बुटके बारा,*
*एल्सेने मोजले तर भरले तेरा!*
*तेराव्याच्या हाती कॉफीचा कप,*
*कार्यालय निघालं, हा तिथेच गप!*

वर छापील आकडा: ५.

फोन

"हॅलो, व्हिबेके मुंक? मी रान्हिल टॉफ्ट, मंत्रालयातून—"

"मी सोडली नोकरी. आता मी लायब्ररीत आहे. मंत्रालयाला माझ्याकडून पुस्तक हवं असेल तर कार्ड लागेल."

"फक्त गाण्याबद्दल विचारायचंय."

"अरे वा! पाच महिन्यांनी समीक्षा?"

"एक कडवं गुणगुणलात. कोणतं आणि का?"

तिने आवाज खाली आणला.

"पाचवं. प्रेबेनचं. त्याच्या बागेत मांडलेल्या मातीच्या बुटक्या पुतळ्यांवर रचलं होतं, तेरावा म्हणजे तो स्वतः, फार छान जमलं होतं. आदल्या दिवशी छापून झालं. आणि त्या सकाळी प्रेबेनचा फोन. बायकोला, एल्सेला, हॉस्पिटलमध्ये नेलंय, तो येत नाही. आता एल्सेवर हसायचं कसं? कागद बदलायला वेळ नव्हता. मी गाणं सुरू व्हायच्या आधी सांगितलं, पाचव्याला नुसतं गुणगुणा, तिच्यासाठी. आणि रान्हिल, सत्तर माणसं गुणगुणली. कुणी खोकलंसुद्धा नाही."

"कुणी हसलं?"

"तू वेडी आहेस का?"

"एल्से कशी आहे?"

"बरी आहे. बुटके चौदा झालेत."

गुरुवार, दुपारी दोन

येप्पेची गाडी दोन बावन्नला होती. कोट अंगावर होता, बॅग हातात.

मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांची टेबलं एकत्र. मी ओसेला बोलावलं. सिग्ने आपल्या जागेवर होती. टोरकिल खोदाईच्या परवान्याचे कागद घेऊन आला होता, त्याला मी थांबवलं.

"येप्पे, एकच. पाचवं कडवं कसं गायलं होतं?"

"सांगितलं की. जोरात. रान्हिल, माझी गाडी—"

"ओसे, तू दाखव."

ओसे माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात पोटाशी धरले आणि गुणगुणायला लागली. तिचा आवाज खालचा, जरा खरखरीत. दुसऱ्या ओळीला सिग्नेने खुर्ची फिरवली आणि तिने सूर धरला. चुकलेला. कोपनहेगनहून आलेले बाकीचे दोघे आपापल्या टेबलांमागून उठले आणि तेही गुणगुणू लागले. टोरकिलने टोपी काढली.

चार ओळी. एकही शब्द नाही.

येप्पे एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. त्याला हे नवीन होतं.

"शब्द कागदावर होते," मी म्हटलं. "कागद प्रत्येक खुर्चीवर होता. तू तो घेऊन बाहेर पडलास, गाणं सुरू व्हायच्या आधी. म्हणून व्हिबेकेने काय सांगितलं ते तुला कळलं नाही. सगळ्यांचे डोळे कागदात, दाराजवळचा माणूस गेला हे कोण बघणार? त्या खोलीत ज्याने पाचवं कडवं ऐकलं, तो त्याला हसलेला असूच शकत नाही. फक्त वाचणारा हसला असेल."

"लोक घोटाळा करतात. पाच महिने झाले."

"या गावच्या पाहुण्यालाही आठवतं. नव्या मुलीलाही. आणि फेब्रुवारीतलं ते उत्तर, चौथ्या दिवशी आलेलं. तेव्हा ती नोंद बघणारे सगळे सोडून गेले होते. तू फाइल न उघडताच सही केलीस. एकोणतीस मेच्या सकाळी ओसेने यादी समोर ठेवली, आणि तीत तुला 'क्लितरुप, चामड्याचा कारखाना' दिसलं."

टोरकिल म्हणाला, "चार दिवस." एवढंच.

येप्पे ओसेच्या टेबलाच्या कडेवर बसला. कोट न काढता.

"मंत्रालयाने मला कबूल केलं होतं," तो म्हणाला. "गडबड न होता कार्यालय हलवलंस तर वर्षाने परत मंत्रालयात. एक वर्ष. घरी. चुकीचं उत्तर दिलं असं म्हटलं असतं तर मंत्र्याचं भाषणही चुकलं असतं. मला वाटलं, फाइल नाही म्हटल्यावर ओसे घाबरून नोकरी सोडून जाईल. सगळेच सोडत होते. तिचं नाव यायचं नव्हतं."

"पत्रात आहे," सिग्ने म्हणाली. "तूच लिहिलंस. मी वाचलंय."

"फाइल कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने बॅग टेबलावर ठेवली आणि उघडली. डब्याखाली, बदलायच्या शर्टाखाली, ११४७.

"घरी ठेववेना, इथे ठेववेना," तो म्हणाला. "फाडायला घेतली होती एकदा. पानांना आकडे आहेत."

सोमवारी इकडे, गुरुवारी तिकडे. कार्यालयातली दुसरी कुठलीही फाइल इतकी फिरलेली नव्हती.

ओसेने ती घेतली, खुर्चीवर बसली आणि पानं मोजू लागली. येप्पेची दोन बावन्नची गाडी चुकली. त्याला थांबायला कुणी सांगितलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर.

शुक्रवार

अहवाल मी सकाळी लिहिला, पावणेदोन पानं. पोलिसांसाठीच्या पत्रातलं नाव बदललं.

साडेअकराला टोरकिल आला. ओसेने त्याच्यासाठी एक पत्र तयार ठेवलं होतं. नगरपालिकेच्या फेब्रुवारीतल्या पत्राला दुरुस्त उत्तर. सोबत नकाशाची प्रत. आधीचं उत्तर रद्द समजावं. तिने पोच घ्यायची वही पुढे केली.

टोरकिलने पत्र उभ्याने वाचलं. नकाशावर बोट ठेवून खुंट्यांची जागा शोधली. फार शोधावी लागली नाही.

"ही सही मी केली की सोमवारचं यंत्र थांबणार."

"हो."

"साठ घरं, ओसे."

"हो."

"ती तुम्हा लोकांसाठीच होती. कोपनहेगनहून येणाऱ्यांसाठी."

"आलो किती?"

त्याने मनात मोजलं. "चार."

"मग जागेची अडचण नाही."

तो हसला नाही. खाली खिडकीतून मुख्य रस्ता दिसत होता. बेकरी, सायकलींचं दुकान, बँक होती ती रिकामी जागा.

"गावात बोलतील," तो म्हणाला. "नऊ वर्षं वाट बघितली, आणि जी बाई आली तिने पहिल्याच वर्षी खोदाई बंद पाडली. मीही बोलेन. संध्याकाळी घरी जाऊन बोलेन."

"बोल."

"तू अजूनही फाइल कपाटात लावू शकतेस. पत्र पुढच्या महिन्यात पाठव. चार महिन्यांनी पाठव, तुमची जुनी रीत आहे."

"खाली पाणी आहे, टोरकिल. नकाशात निळ्या रेघेने दाखवलंय. कोण पितं ते?"

त्याने नकाशाकडे पाहिलं. मग पेन मागितलं. ओसेने दिलं. त्याने सही केली, वेळ लिहिली, अकरा पन्नास, आणि पेन परत ठेवलं.

दारापर्यंत जाऊन तो थांबला.

"रविवारी काय करतेस?"

"काही नाही."

"तीनला आमच्याकडे कॉफीला ये. बायको भयंकर चिडलेली असेल, आधीच सांगतो. तिच्या भावाने तिथली दोन घरं बांधायला घेतली होती."

"मग मी कशाला येऊ?"

"चिडली तरी केक करते," तो म्हणाला. "आणि तुला तोंडावर बोलेल. मागून बोलण्यापेक्षा बरं."

मे महिन्यापासून त्या गावात ओसेला कुणी घरी बोलावलं नव्हतं, हे मला स्टेशनवर सिग्नेकडून कळलं. तेव्हा नुसतं दिसलं ते एवढंच, की तिने टेबलावरचं कॅलेंडर जवळ ओढलं आणि विचारलं, "घराचा नंबर?"